पिंपरीच्या मातीतले संशोधन

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात मोटारींच्या कारखान्यांचाच बोलबाला असल्यामुळे, 1954 साली सरकारने पिंपरीस स्थापिलेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये कवकशास्त्रज्ञ तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक शोधून काढले, याचे स्मरण आज क्वचितच कोणास असते. मातीतील असंख्य सूक्ष्मजीव वेगळे करून वाढवावेत, प्रत्येकाचा अर्क रोगकारक बुरशीवर पडताळावा आणि बहुतेक वेळा हाती काहीच न लागल्याची नोंद इमानेइतबारे दप्तरी करावी, असा हा व्यवसाय. बढतीच्या कागदात मात्र अशा अपयशासाठी रकाना नसतो! ज्या सूक्ष्मजीवाने अखेर यश दिले, त्याच्या ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना’ या शास्त्रीय नावात हे गाव कायमचे नोंदले गेले. परंतु पाण्यात सहज न विरघळणाऱ्या त्या औषधाचा प्रसार मर्यादितच राहिला, आणि कालांतराने खुद्द कंपनीच आजारी उद्योगांच्या यादीत गेली.

अशा स्थितीत, चाकणला गुणवत्ता-तपासणीची नियमित पगाराची नोकरी समोर असता, संशोधनाची अनिश्चित वर्षे नाकारणाऱ्या विज्ञान-पदवीधरास दोष देणे अन्यायाचे होईल. त्याऐवजी संशोधक विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती दरमहा, मुदतीत हाती पडेल, एवढी तजवीज तरी सरकारने करावी.