पद्मिनीची मागची काच

मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. ताडदेवच्या आरटीओत शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ रोजी, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून कायमची उतरली. आता उरल्या आहेत त्या घरगुती गाड्या. त्या जपणारी माणसं हौशी आहेत, हात राखून खर्च करत नाहीत. पण तो खर्च बहुधा रंगावर, क्रोमवर आणि सीटच्या कव्हरांवर होतो. माझ्या मते पहिला पैसा जायला हवा तो मागच्या काचेभोवतीच्या रबरावर, गॅरेजवाल्यांच्या भाषेत ‘बीडिंग’वर.

याचं कारण गाडीच्या बांधणीत आहे. इटलीत १९५३ साली फियाट ११००-१०३ आली, तिच्याच कुळातली ही गाडी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यात १९६४ पासून तिचं ११०० डिलाइट हे रूप तयार होऊ लागलं आणि १९७४ पासून ती ‘पद्मिनी’ झाली. या गाडीला खाली वेगळी चासी नाही. छत, खांब, फ्लोअर असा सगळा पत्रा एकमेकांना वेल्ड केलेला, आणि तोच तिचा सांगाडा. त्यामुळे पत्र्याला लागलेला गंज म्हणजे हाडाला लागलेली कीड.

मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. छतावरचं पाणी मागच्या काचेवरून उतरतं आणि खालच्या कडेला, विशेषतः दोन्ही कोपऱ्यांत, थबकतं. तिथे धूळ आणि झाडाचा पाला साठलेला असतो, तो ओल धरून ठेवतो. रबर कडक झालं असेल तर पाणी त्याच्या ओठाखालून आत शिरतं, मागच्या सीटमागच्या फळीवर येतं, तिथून दिक्कीत आणि गालिच्याखाली जातं. मालकाला कळतं ते वास यायला लागल्यावर. तोवर काचेच्या चौकटीचा पत्रा खालून खाल्लेला असतो.

रबर कडक का होतं? नैसर्गिक रबराच्या रेणूंच्या साखळीत दुहेरी बंध असतात. हवेतला ओझोन नेमका तेच तोडतो, आणि रबर जिथे ताणलेलं असतं तिथे लवकर तोडतो. म्हणून पहिल्या भेगा कोपऱ्यांच्या वळणावर दिसतात. साठच्या दशकापासून बाजारात आलेल्या ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या मुख्य साखळीत असे बंध नसतात; ऊन आणि ओझोन ते कितीतरी जास्त सोसतं. नवं बीडिंग घेताना ते ईपीडीएमचं आहे का, हे विचारावंच. मात्र ग्रीस, इंजिन ऑइल, डिझेल यांच्यापासून दोन्ही जपायची. खनिज तेलाने ती फुगतात आणि मऊ पडतात. काच बसवताना ग्रीसचं बोट फिरवण्याची सवय मोडायला हवी.

काच निघाली की खरं काम सुरू होतं, आणि तेच बहुतेक ठिकाणी घाईत उरकलं जातं. चौकटीच्या कडेवर फुगलेला रंग दिसतो, तो खरवडला की खाली गंज. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. त्याने फुगलेली कड रबराला आणि पर्यायाने काचेला एका बाजूने रेटत राहते. ती लांबी भरून गुळगुळीत करणं ही फसवणूक आहे, कारण लांबीच्या आत ओल राहते. खराब भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा, कडेची जाडी मूळ ठेवायची, प्रायमर आणि रंग पूर्ण वाळू द्यायचा. कड जाड झाली तर रबराच्या खाचेत बसत नाही, पातळ राहिली तर पाणी वाट काढतं.

मागची काच टफन केलेली असते. तापवून एकदम गार केल्यामुळे तिच्या पृष्ठभागावर दाब आणि पोटात ताण कोंडलेला असतो. म्हणून मध्यावर ती तळहाताचा जोर सहज सोसते, पण कडेवर स्क्रूड्रायव्हरचं टोक लागलं तर क्षणात तिचे बारीक तुकडे होतात. ती नंतर कापता किंवा घासताही येत नाही. काच मापात बसत नसेल तर चूक चौकटीत शोधायची.

बसवण्याची रीत साधी आहे, तिला माणसं दोन लागतात. रबर उन्हात ठेवून लवचीक करायचं आणि आधी काचेवर चढवायचं. त्याच्या बाहेरच्या खाचेत, जिथे पत्र्याची कड जाणार, गुळगुळीत नायलॉनची दोरी फिरवायची, लेंग्यात नाडी ओवतात तशी. दोरीची दोन्ही टोकं खाली मध्यावर एकमेकांवरून नेऊन गाडीच्या आत सोडायची. खाचेला साबणाचं पाणी लावायचं. मग बाहेरचा माणूस काच चौकटीवर टेकवून तळव्याने दाबतो आणि आतला दोरीचं एक टोक काचेच्या मध्याच्या दिशेने हळूहळू ओढतो. दोरी निघते तसा रबराचा आतला ओठ पत्र्यावरून उलटून आत येतो. बाहेरच्याने दाब नेमका तिथे ठेवायचा जिथे दोरी सुटते आहे. ‘दाबलंय, ओढ’, ‘थांब, कोपरा आला’, हे बोलणं सतत चालू हवं. कोपऱ्यावर घाई केली तर दोरी ओठ चिरते आणि नवं रबर वाया जातं.

सगळा ओठ आत आल्यावर काच तळव्याने थोपटून मध्यावर आणायची, आणि बाहेरून रबराच्या ओठाखाली कधीच न सुकणारा मऊ सीलंट भरायचा. इथे हार्डवेअरच्या दुकानातलं व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नये. सुकताना ते अॅसेटिक आम्ल सोडतं; उघड्या पत्र्याला ते आयतं गंजाचं निमंत्रण. शिवाय पुढच्या वेळी काच काढताना ते रबरासकट फाटून निघतं.

तपासणीसाठी पाण्याचा पाइप खालच्या कडेपासून सुरू करून वर न्यायचा, आत एकाने टॉर्च घेऊन बसायचं. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे पसरतो आणि गळती कुठली ते कळत नाही.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत बीडिंग शोधायला जाताना जुन्या रबराचा बोटभर तुकडा खिशात असू द्यावा. गाडीचं नाव सांगून मिळालेलं रबर बसेलच असं नाही. काचेची खाच किती रुंद, पत्र्याची किती, आणि मधला पडदा किती जाड, या तीन गोष्टी त्या तुकड्याच्या कापावर दिसतात, आणि गरज पडली तर त्यावरूनच नवं रबर ओढून घेता येतं.