‘आयु.’ म्हणजे काय?

भाचीच्या लग्नाची पत्रिका छापायला दिली, तेव्हा छापखान्यातल्या माणसाने विचारले, ‘हे आयु. म्हणजे वय का? मग पुढे आकडा कुठाय?’ मी हसलो. पण १९५६च्या धर्मांतरानंतर आपण ‘श्री.’ सोडून जो शब्द धरला, तो आला कुठून, हे मलाही त्याला नीट सांगता आले नाही. म्हणून थोडा शोध घेतला.

मूळ शब्द ‘आयुष्मान’. (‘आयुष्यमान’ नव्हे, ही चूक आपल्या फलकांवर सर्रास दिसते.) पालीत तो ‘आयस्मा’ होतो. अर्थ दीर्घायुषी. शब्द बुद्धाने घडवलेला नाही. नमस्कार करणाऱ्याला ‘आयुष्मान हो’ म्हणण्याची रीत ब्राह्मणी परंपरेत होतीच. मेख पुढे आहे. अशा प्रत्युत्तरात शेवटचा स्वर लांबवून तीन मात्रांचा करावा, मात्र शूद्राला उत्तर देताना नाही, असा नियम पाणिनीच्या अष्टाध्यायीत आहे. व्याकरणाच्या ग्रंथात! आशीर्वादाची मात्रासुद्धा वर्ण पाहून मोजायची.

संघात हाच शब्द आला आणि माप बदलले. उपाली शाक्यांचा न्हावी. अनुरुद्ध, आनंद, भद्दिय या शाक्यकुमारांबरोबर तोही प्रव्रज्येला आला. ‘आधी उपालीला घ्या, म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा कुळाभिमान उतरेल,’ अशी विनंती त्या कुमारांनीच केल्याचे चुल्लवग्गात सांगितले आहे. पहिल्या संगीतीत विनयाचे प्रश्न विचारले गेले ते याच आयस्मा उपालींना.

बुद्धाच्या हयातीत भिक्खू एकमेकांना ‘आवुसो’ म्हणत. तेही याच शब्दाचे संबोधन. अखेरच्या दिवसांत बुद्धाने यात फरक केला, असे महापरिनिब्बान सुत्त सांगते. थोरल्याने धाकट्याला नावाने, गोत्राने किंवा ‘आवुसो’ म्हणून हाक मारावी. धाकट्याने थोरल्याला ‘भन्ते’ किंवा ‘आयस्मा’ म्हणावे. थोरला म्हणजे ज्याची उपसंपदा आधी झाली तो. जन्म त्यात कुठेच येत नाही.

पायऱ्या मात्र होत्या, हे लपवू नये. भिक्खुणींच्या बाबतीत तर हे मापही टिकले नाही. शंभर वर्षांची उपसंपदा असलेल्या भिक्खुणीने त्याच दिवशीच्या भिक्खूला वंदन करावे, असा नियम विनयात आहे. काही अभ्यासक तो मागाहून घातलेला मानतात. भिक्खुणीला ‘अय्ये’ म्हणत, ‘आयस्मा’ भिक्खूंपुरते.

आणि गृहस्थ? सुत्तांत तो बहुधा ‘गहपति’. तेव्हा साध्या उपासकाला ‘आयुष्मान’ आणि उपासिकेला ‘आयुष्मती’ म्हणणे, ही आपली भर. कुणी पंडित तिला अशास्त्रीय म्हणेल, म्हणो. ज्यांच्या बापजाद्यांची नावे गावाने धोंड्या, कचऱ्या अशी मोडूनच उच्चारली, त्यांना नावाआधी असा शब्द हवासा वाटला तर त्यात नवल ते काय?

दुसऱ्या दिवशी मुद्रिते तपासली. सगळ्यांच्या नावांपुढे ‘आयु.’ होते, फक्त माझ्या आईच्या नावापुढे राहून गेले होते. तिथे मी हाताने ‘आयुष्मती’ असे पुरे लिहिले.