कुंभाराचा बाप, कुंभाराचं गाढव आणि ट्रकचं ॲव्हरेज

‘कारण’ कशाला म्हणायचं, हा आजचा आपला विषय. न्यायदर्शनाने त्यावर पुष्कळ काथ्याकूट केलेला आहे. पण उदाहरण आपण पोथीतलं न घेता चाकण-भोसरीच्या रस्त्यावरचं घेऊ.

१९८६ साली टाटा ४०७ बाजारात आला. तसले जुने छोटे ट्रक आजही आपल्या औद्योगिक पट्ट्यात माल वाहताना दिसतात. समजा, पाच लाख किलोमीटर धावलेला असा एक ट्रक आधी लिटरला ८ किलोमीटर द्यायचा, आता साडेसहाच्या आसपास देतो. मालकाची ही एकच गाडी, तिच्यावर घर चाललेलं. त्याला दोन उत्तरं आयती मिळतात. एक जण म्हणतो, गाडी जुनी झाली, इंजिनचं काम काढा. दुसरा म्हणतो, नवा ड्रायव्हर डिझेल काढतोय. पहिल्या उत्तरात मालकाची पुंजी जाते, दुसऱ्यात एका माणसाची नोकरी आणि अब्रू.

आता नैयायिकांकडे वळू. मडकं घडण्याआधी कुंभार हवा, माती हवी, चाक हवं. तसा कुंभाराचा बापही आधी होताच. माती वाहणारं गाढवही होतं. तरी या दोघांना ते मडक्याचं कारण मानत नाहीत, ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात. बाप हे कुंभाराचं कारण, मडक्याचं नव्हे. गाढवाचं तर काय, माती डोक्यावरून आणली असती तरी मडकं झालंच असतं.

‘गाडी जुनी झाली’ हा आपला कुंभाराचा बाप. वयामुळे भाग झिजतात हे खरं, पण डिझेल खातो तो झिजलेला भाग, वय नव्हे. तितकीच जुनी दुसरी गाडी चांगलं ॲव्हरेज देतच असते. आणि ‘नवा ड्रायव्हर त्याच महिन्यात आला’, हे नुसतं गाढवही असू शकतं. तपासल्याशिवाय ते कळत नाही.

तपासायचं कसं? पहिला प्रश्न ‘का’ हा नाही. ‘खरंच कमी झालं का’ हा आहे. टाकी काठोकाठ भरायची, गाडी चालवायची, पुन्हा त्याच पंपावर, तशीच सपाट उभी करून काठोकाठ भरायची. असं निदान तीन वेळा. काट्यावरच्या अंदाजाला पुरावा म्हणत नाहीत. ओडोमीटरही तपासावा लागतो. झिजलेल्या टायरचा घेर कमी, म्हणून तोच रस्ता मीटर जास्त दाखवतो. नवे टायर घातले की किलोमीटर एक-दोन टक्के कमी भरतात, आणि ॲव्हरेज पडल्यासारखं वाटतं.

दुसरा प्रश्न, काम बदललं का? आधी गाडी सोलापूरच्या लाइनला होती, आता चाकण-भोसरी लोकल. दिवसाला ६० किलोमीटर. ८ च्या हिशोबाने साडेसात लिटर लागायला हवं. पण तळेगाव चौक, आंबेठाण चौक आणि कंपनीच्या गेटवरची रांग मिळून दोन तास इंजिन उभ्याउभ्या चालू. लहान ट्रक असा तासाला साधारण अर्धा ते एक लिटर जाळतो. पाऊण लिटर धरलं तर दीड लिटर झालं. एकूण ९ लिटर, म्हणजे ॲव्हरेज ६.६७. बघा, कुठलाही बिघाड नाही, चोरी नाही, आणि आकडा मात्र तोच! शिवाय चालणं-थांबणं, भरलेला माल हे आपण अजून धरलेलंच नाही.

एवढ्याने हिशोब लागला नाही, तर मग गाडीकडे वळायचं, आणि तेही फुकटच्या तपासण्यांपासून. सकाळी टायर थंड असताना हवा मोजायची. फेरी संपल्यावर चाकांच्या ड्रमजवळ हात न्यायचा, लावायचा नाही. एकच ड्रम जास्त तापलेला असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय. टाकी, पाइप, पंप इथे डिझेलचा ओल बघायचा. एअर फिल्टर काढून बघायचा.

मग धूर. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त: फिल्टर चोंदलेला, नोझल फवाऱ्याऐवजी थेंब गाळणारं, किंवा पंपाचं सेटिंग बिघडलेलं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर डिझेल न जळता बाहेर पडतंय, नाहीतर कूलंट आत शिरतंय. पंप-नोझलची तपासणी यानंतर, आणि कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय इंजिन उतरवायचं नाही.

यात एक पथ्य आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा टाकी मोजायची. फिल्टर, नोझल, टायर सगळं एकदम बदललं तर ॲव्हरेज सुधारेलही, पण कशाने, ते कळणार नाही. कारण असलं की कार्य दिसतं, काढलं की जातं, यालाच आपले जुने लोक अन्वय-व्यतिरेक म्हणत.

आणि चोरी? तीही मोजता येते. रात्री गाडी उभी करताना टाकीत पट्टी बुडवून पातळी बघायची, सकाळी पुन्हा बघायची. दोन्ही वेळा ड्रायव्हर समोर हवा. किंबहुना पहिल्या दिवसापासून तो बरोबर हवा. इंजिनचा आवाज बदलला, गाडी चढाला दम टाकते, हे सगळ्यात आधी त्यालाच जाणवतं. ज्याच्यावर आळ आहे तोच आपला उत्तम साक्षीदार असतो, आणि आळ घेतला की तो बोलायचा थांबतो.

तेव्हा केबिनमध्ये एक वही ठेवावी: तारीख, किलोमीटर, लिटर, माल किती, थांबा किती तास. महिनाभर ती भरली की कुंभार कोण, बाप कोण आणि गाढव कोण, हे मालकाला बऱ्याच अंशी घरबसल्या उमगेल. आता तुमचे प्रश्न घेऊ या.