फावडे : यंत्र एक, कामे अनेक

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आक्षी, नागाव, चौलपासून थेट दिवेआगर, श्रीवर्धनपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर धडकले आणि या वाड्यांतील असंख्य माड व पोफळी काही तासांत आडव्या झाल्या. मोडलेली वाडी पुन्हा उभी करायची तर आधी खड्डे खणावे लागतात आणि मग उत्पन्नासाठी पाच-सात वर्षे थांबावे लागते. माडाच्या रोपासाठी साधारणपणे १ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि १ मीटर खोल खड्डा घेतात. हे काम ज्याने होते ते फावडे, म्हणजेच काही ठिकाणचे खोरे, आपण यंत्रांत धरतच नाही. पण विद्यार्थी मित्रांनो, एक खड्डा पुरा होईपर्यंत हे अवजार कितीदा रूप पालटते, ते पाहा.

फावडे जमिनीत शिरते तेव्हा ते पाचर असते. पात्याची धार २० सेंमी. लांब आणि २ मिमी. जाड आहे असे समजा. म्हणजे जमिनीला टेकणारे क्षेत्रफळ अवघे ४ चौरस सेंमी. झाले. बल तेवढेच ठेवून क्षेत्रफळ कमी केले की दाब वाढतो. धार झिजून ४ मिमी. जाड झाली, तर दाब निम्म्यावर येतो. धार लावण्यात गेलेली दहा मिनिटे वाया जात नाहीत, ती यामुळेच.

विलायती फावड्याचे पाते दांड्याच्या सरळ रेषेत असते. ते पायाने दाबून जमिनीत घालतात, म्हणून पायात जाड बूट हवा. आपल्या फावड्याचे पाते दांड्याशी कोन करून बसवलेले असते. ते उचलून मारायचे असते. समजा, २ किलोग्रॅमचे फावडे सेकंदाला ६ मीटर वेगाने जमिनीवर आदळले. त्याची गतिज ऊर्जा ½ × २ × ६ × ६ = ३६ ज्यूल होईल. पाते ६ सेंमी. आत जाऊन थांबले, तर सरासरी बल ३६ ÷ ०.०६ = ६०० न्यूटन, म्हणजे सुमारे ६० किलोग्रॅम वजनाइतके! दोन किलोच्या लोखंडाने एका माणसाच्या वजनाचे काम केले.

आता पाते मातीत रुतले आहे. खणणारा दांडा वर उचलतो आणि ढेकूळ सुटते. या क्षणी फावडे तरफ झाले. पात्याची मागची कड जमिनीवर टेकते, तोच टेकू. मातीचा विरोध टेकूपासून सुमारे १२ सेंमी.वर आणि हात ७२ सेंमी.वर असेल, तर हाताने लावलेले बल सहापट होते. मात्र फुकट काहीच मिळत नाही. ढेकूळ १ सेंमी. हलायला हात ६ सेंमी. फिरवावा लागतो.

माती उचलून टाकताना हीच तरफ दुसऱ्या प्रकारची होते. मागचा हात टेकू, पुढचा हात बल आणि टोकाला माती. बल मध्ये असल्याने ही तिसऱ्या प्रकारची तरफ आहे. माती ५ किलोग्रॅम आणि ती मागच्या हातापासून १०० सेंमी.वर आहे असे धरू. पुढचा हात ७५ सेंमी.वर असेल, तर त्याला ६.७ किलोग्रॅम वजनाइतके बल लावावे लागते. तोच ४० सेंमी.वर धरला, तर १२.५ किलोग्रॅम. (फावड्याचे स्वतःचे वजन आपण सोडून दिले आहे.) म्हणून सराईत माणूस उचलताना पुढचा हात पात्याकडे सरकवतो.

आणखी एक तरफ फावड्यात नसून आपल्या पाठीत आहे. कण्याचे खालचे सांधे हा टेकू. कण्याला धरून ठेवणारे स्नायू त्याच्या मागे सुमारे ५ सेंमी.वर असतात. ५ किलोग्रॅम माती ५० सेंमी. पुढे धरली, तर तेवढ्यासाठीच या स्नायूंना ५० किलोग्रॅम वजनाइतके बल लावावे लागते. माती अंगाजवळ, २५ सेंमी.वर धरली, तर ते निम्मे होते. वाकलेल्या धडाचा भार पुन्हा वेगळाच. गुडघे वाकवा, ओझे अंगाजवळ ठेवा, असे सांगतात त्याचे गणित हे असे आहे.

आता पूर्ण खड्ड्याचा हिशेब करू. १ घनमीटर मातीचे वस्तुमान सुमारे १,५०० किलोग्रॅम धरू. ती सरासरी अर्धा मीटर वर येते. कार्य १,५०० × १० × ०.५ = ७,५०० ज्यूल, म्हणजे दोन किलोकॅलरीसुद्धा नाही! एका केळ्यात याच्या पन्नासपट ऊर्जा असते. मग माणूस घामाघूम का होतो? ५ किलोग्रॅमचे एक फावडे याप्रमाणे ३०० फेरे झाले. दर फेऱ्याला ३० किलोग्रॅमचे धड ३० सेंमी. वर आले, तर २७,००० ज्यूल केवळ स्वतःला उचलण्यात गेले. माती कापण्यात आणि फेकण्यात आणखी ऊर्जा जाते. शिवाय स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेच्या जेमतेम पाचव्या-चौथ्या हिश्श्याचेच कार्य करतात. बाकीची उष्णता होते. खणण्याचे कौशल्य मनगटातल्या ताकदीपेक्षा कमी वाकण्यात अधिक आहे.

खड्डा भरून रोप लागले, तरी फावड्याची सुटी होत नाही. रोपाभोवती आळे करायचे, पाटाचे पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात वळवायचे, तण खरवडायचे, पाचोळा ओढायचा. पाट वळवताना फावडाभर मातीच दरवाजाचे काम करते. काम संपल्यावर मात्र पाते धुऊन, पुसून त्याला तेलाचा हात लावावा. किनाऱ्यावरच्या हवेत मीठ आणि ओल दोन्ही असल्याने लोखंड लवकर गंजते आणि कमावलेली धार जाते.

करून पाहा : सुमारे १ मीटर लांबीच्या काठीच्या एका टोकाला पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली बांधा. दुसरे टोक एका हाताने धरा आणि मध्ये ताणकाटा लावून काठी आडवी उचला. ताणकाटा ७५, ५० आणि २५ सेंमी.वर ठेवून प्रत्येक वेळचे बल लिहा. नंतर घरातल्या किंवा शेजारच्या वाडीतल्या एखाद्या जुन्या फावड्याचा दांडा नीट पाहा. हात फिरून फिरून तो जिथे गुळगुळीत झाला असेल, तिथपासूनचे अंतर मोजा आणि ते फावडे वापरणारा किती बल लावत असेल, ते काढा.