हौदावरचा अदृश्य थर

१७६७ साली जोसेफ प्रीस्टली इंग्लंडमधल्या लीड्सला धर्मोपदेशक म्हणून आला. वय ३४, रसायनशास्त्राचं रीतसर शिक्षण नाही, आणि बिऱ्हाड बिअरच्या कारखान्याला लागून. रविवारी प्रवचन देणारा हा गृहस्थ एरवी शेजारच्या हौदांवर ओणवा झालेला दिसू लागला.

हौदात आंबवण फसफसत होतं. प्रीस्टलीने पेटती ढलपी फेसाजवळ नेली, ती विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा खाली नेली, पुन्हा विझली. पण त्याची नजर खिळली ती धुरावर. धूर वर जाईना. फेसाच्या थोडा वर तो सपाट पसरला आणि हौदाच्या काठावरून चक्क खाली ओघळू लागला! जे डोळ्यांना दिसत नव्हतं, त्याचा आकार धुराने दाखवून दिला. फेसावर ९ इंच ते १ फूट जाडीचा, हवेपेक्षा जड असा वायूचा थर पसरला होता.

वायू नवा नव्हता. चुन्याची निवळी दुधाळ करणारा हा वायू स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने आधीच ओळखला होता. आपण त्यालाच कार्बन डायऑक्साइड म्हणतो. प्रीस्टलीला सुचलं ते वेगळंच. दोन पेले फेसाजवळ धरून तो पाणी एकातून दुसऱ्यात ओतत राहिला. दोन-तीन मिनिटांत पाण्याला बुडबुडे आले, चव आली. सोडावॉटर तयार! पुढे खडूवर गंधकाम्ल टाकून हाच वायू मिळवण्याची कृती त्याने १७७२ मध्ये छापली.

स्कॉच व्हिस्कीही अशाच हौदांतून सुरू होते. बार्लीतली १०० किलो साखर पूर्ण आंबली, तर सुमारे ५१ किलो अल्कोहोल आणि ४९ किलो कार्बन डायऑक्साइड. हौद बंदिस्त करा, नळीने वायू ओढा, धुवा, सुकवा, दाबाखाली थंड करून द्रवरूपात भरा, काम झालं. तरी छोट्या कारखान्यांना ही यंत्रं परवडत नाहीत आणि वायू हवेत जातो. २०१८च्या उन्हाळ्यात, हा वायू जोडउत्पादन म्हणून पुरवणारे अमोनियाचे कारखाने दुरुस्तीसाठी बंद होताच ब्रिटनमध्ये याच वायूची टंचाई झाली. व्हिस्कीवाला जो वायू हवेत सोडून देतो, तोच गिऱ्हाईक सोड्याच्या बाटलीतून विकत घेतं.

मात्र हौदातला कार्बन बार्लीने वाढताना हवेतूनच घेतलेला असतो. तो हवेत परतला तर जमाखर्च जुळतो. हवेवर खरा बोजा पडतो तो भट्टी तापवणाऱ्या तेलाचा आणि नैसर्गिक वायूचा. त्या धुरात कार्बन डायऑक्साइड साधारण दहावा हिस्सा, बाकी बहुतेक नायट्रोजन. तिथून तो वेगळा काढायचा तर वेगळी रसायनं हवीत, शिवाय आणखी उष्णता. सहज हाती लागणारा वायू हौदात, आणि खरा अपराधी धुराड्यात. पैसा आधी कशावर घालायचा, हे स्कॉच गाळणाऱ्यांना ठरवायचं आहे.