डाम्पफनूडेल : झाकणाखाली फुगणारा जर्मन पाव

डाम्पफनूडेल हा दक्षिण जर्मनीतला यीस्टच्या पिठाचा पाव. त्याला ओव्हन लागत नाही. जाड बुडाच्या पसरट पातेल्यात, घट्ट झाकणाखाली तो शेगडीवरच होतो. वरची बाजू पांढरी आणि लुसलुशीत, बुडाला मात्र तांबूस, कुरकुरीत खरपुडी. एकाच भांड्यात तो वरून वाफवला जातो आणि खालून तळला जातो. त्याची सगळी चव यात आहे आणि करणाऱ्याची सगळी परीक्षाही यातच. बव्हेरिया, बाडेन, फाल्त्स आणि सीमेपलीकडचा फ्रान्समधला अल्सास हा त्याचा मुलूख.

गोड पाव म्हणजे कॉफीबरोबर तोंडात टाकायची वस्तू, असा समज या मुलखात चालत नाही. कॅथलिक घरांत शुक्रवारी आणि ईस्टरपूर्वीच्या उपासाच्या दिवसांत मांस वर्ज्य असे. पीठ, दूध, अंडी आणि लोणी शेतकऱ्याच्या घरी असायचेच, त्यामुळे अशा दिवशी पिठाचा गोड पदार्थ हेच दुपारचे जेवण होई. डाम्पफनूडेल त्या जेवणातला मुख्य पदार्थ. फाल्त्समध्ये तर त्याच्याबरोबर बटाट्याचे सूप वाढतात. खारट सूप आणि गोडसर पाव ही जोडी कागदावर विचित्र वाटते, पण पावाच्या बुडाला मिठाची खरपुडी असते हे लक्षात घेतले की तिच्यात विचित्र काही उरत नाही.

फाल्त्समधल्या फ्रेकनफेल्ड गावाने या पावाची एक आख्यायिका जपली आहे. तीस वर्षांच्या युद्धात (१६१८–१६४८) स्वीडिश सैनिक गावावर चालून आले आणि खंडणी मागू लागले. तेव्हा योहानेस मुक नावाच्या बेकरीवाल्याने १२८६ डाम्पफनूडेल करून त्यांना पोटभर जेवू घातले, आणि गाव वाचले. गावातल्या एका कमानीवर तेवढेच दगडी उंचवटे आहेत आणि ती डाम्पफनूडेलची कमान म्हणूनच ओळखली जाते. १२८६ हा आकडा इतका नेमका कसा, हा प्रश्न आख्यायिकेला विचारायचा नसतो.

पीठ साधेच असते. ५०० ग्रॅम मैदा, पाव लिटर दूध, ६० ते ८० ग्रॅम लोणी, तेवढीच किंवा थोडी कमी साखर, एक अंडे, चिमूटभर मीठ, आवडीप्रमाणे लिंबाची किसलेली साल. जर्मन घरात यासाठी ४०५ किंवा ५५० क्रमांकाचे गव्हाचे पीठ घेतात. हा क्रमांक पीठ जाळून मागे राहणाऱ्या राखेवरून ठरतो: १०० ग्रॅम कोरड्या पिठामागे साधारण ४०५ मिलिग्रॅम खनिजे उरली, तर ते ४०५चे पीठ. आकडा जितका लहान तितका कोंडा कमी आणि पीठ पांढरे.

ताजे यीस्ट तिथल्या दुकानांत ४२ ग्रॅमच्या ठोकळ्यात मिळते. अर्धा किलो पिठाला अर्धा ठोकळा किंवा कोरड्या यीस्टची ७ ग्रॅमची पुडी पुरते. यीस्ट दाबून घट्ट करून विकण्याची पद्धत १९व्या शतकातली. त्याआधी बिअरच्या भट्टीतून यीस्ट आणावे लागे, आणि त्याचा जोर दर खेपेला वेगळा असे.

मैद्यात मधोमध खळगा करून त्यात यीस्ट, चमचाभर साखर आणि थोडे कोमट दूध घालतात. वर मैदा भुरभुरून भांडे उबदार जागी ठेवले की पंधरा-वीस मिनिटांत त्या मैद्याला भेगा पडतात आणि खालून फेस वर येतो. बव्हेरियात या आंबवणाला डाम्पफल म्हणतात. यीस्ट जिवंत आहे की नाही, याचा निकाल इथेच लागतो. दूध बोटाला कोमट लागेल इतकेच हवे. ५० अंशांपुढे यीस्ट मरू लागते. साखरही हात राखूनच घालायची. ती पिठातले पाणी ओढून घेते आणि जास्त झाली की यीस्ट मंदावते. म्हणूनच हे पीठ बेताचेच गोड ठेवतात आणि गोडीचा भार वरच्या सॉसवर सोडतात.

मग सगळे एकत्र करून पीठ चांगले तिंबायचे. आधी ते हाताला चिकटते, भांड्याच्या कडेला ओढ घेते. दहा मिनिटांनी त्याला तकाकी येते आणि ते भांडे सोडते. या क्षणापर्यंत जास्तीचा मैदा घालण्याचा मोह आवरावा लागतो, नाहीतर पाव दडस होतो. पीठ दुप्पट फुगेपर्यंत, साधारण तासभर, झाकून ठेवायचे. मग ६० ते ८० ग्रॅमचे उंडे वळून त्यांना आणखी अर्धा तास विसावा द्यायचा.

खरे काम यापुढे. फाल्त्सच्या पद्धतीत पातेल्यात तूप किंवा तेल तापवून त्यात बोटाच्या पेराएवढेही चढणार नाही इतके मिठाचे पाणी घालतात. बव्हेरियात पाण्याऐवजी दूध, लोणी आणि साखर. उंडे फुगणार म्हणून मध्ये जागा सोडून मांडतात, झाकण लावतात आणि आच मंद करतात. पुढची वीस-पंचवीस मिनिटे झाकण उघडायचे नाही. हा दंडक प्रत्येक घरात सांगितला जातो, आणि त्यामागे कारण आहे. आतला वायू आणि वाफ उंड्याला ताणून धरतात. पिठातला स्टार्च आणि ग्लूटेन शिजून घट्ट झाले की तो आकार टिकतो. त्याआधी गार हवा लागली तर वायू आकसतो आणि पाव बसतो. काचेचे झाकण असेल तर डोळ्यांना काम मिळते, नसेल तर कानांवर विसंबावे लागते. पाणी असेपर्यंत भांडे खदखदते. ते आटले की आवाज बदलून बारीक चरचर सुरू होते. वाफेत तापमान १०० अंशांच्या आसपासच राहते, म्हणून वरचा भाग पांढराच राहतो. पाणी संपल्यावर बूड त्याहून बरेच तापते आणि खरपूस होते. चरचर सुरू झाल्यापासून करपण्यापर्यंत फार वेळ नसतो. शेवटी झाकण झटकन आडवे उचलायचे, म्हणजे त्यावरचे थेंब पावावर पडत नाहीत.

सोबत बहुधा व्हॅनिला सॉस, फाल्त्समध्ये वाइनचा सॉसही. दूध, अंड्याचा बलक आणि साखर यांचा व्हॅनिला सॉस एकेकाळी महाग होता, कारण व्हॅनिलाच्या शेंगा महाग होत्या. १८७४ मध्ये विल्हेल्म हारमान आणि फर्डिनांड टीमान यांनी व्हॅनिलिन कृत्रिमरीत्या तयार केले आणि होल्त्समिंडन गावी त्याचा कारखाना निघाला. पुढे व्हॅनिलाचा वास साध्या घरांतही परवडू लागला.

हेच पीठ ओव्हनमध्ये गेले की रोअरनूडेल होतो. वितळलेल्या लोण्यात बुडवलेले उंडे ट्रेमध्ये खेटून लावतात आणि १८० अंशांवर अर्धा तास भाजतात. लादीपावासारखे ते एकमेकांना चिकटून फुगतात आणि हाताने सोडवून घ्यायचे असतात. उन्हाळा सरताना त्यांत आंबट-गोड प्लम भरतात; बी काढून त्या जागी साखरेचा खडा ठेवण्याची पद्धत आहे. बोहेमियातून ऑस्ट्रियात आलेला बुख्टेल याचा सख्खा भाऊ. गेर्मक्नोडेल हा ऑस्ट्रिया-बव्हेरियातला प्रकार मात्र फक्त वाफवलेला: आत प्लमचा घट्ट मुरंबा, वर वितळलेले लोणी आणि साखर घातलेली खसखशीची पूड.

नवशिक्याने रोअरनूडेलपासून सुरुवात केलेली बरी. ओव्हनमध्ये पाव दिसतो, आच सारखी राहते आणि उरलेला पाव दुसऱ्या दिवशी किंचित गरम करून खाता येतो. डाम्पफनूडेलला ही सवलत नाही. स्वतःच्याच वाफेने त्याची खरपुडी थोड्या वेळात मऊ पडते, त्यामुळे आधी माणसे पानावर बसतात आणि मगच झाकण निघते.