गाठ एक, जाती अनेक



शिरपूर जैनला बैठक आटोपल्यावर एका शेतकऱ्याने मला बाजूला घेऊन विचारले, "साहेब, आमच्या मंडळींच्या छातीतली गाठ काढली, तपासली, कॅन्सर निघाला. आता डॉक्टर म्हणतात, त्याच गाठीची आणखी एक तपासणी करा. हा खर्च कशाला?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर आपल्या शेतातच सापडते.

बीटी कपाशीच्या पानाच्या रसात पट्टी बुडवतात, हे आपण पाहिले असेल. बीटीचे प्रथिन असले की रेघ उमटते. त्या पट्टीवर प्रतिपिंडे असतात. कुलपाला त्याचीच किल्ली लागावी, तसे प्रतिपिंड ठरावीक प्रथिनालाच चिकटते. गाठीची ही तपासणी याच तत्त्वावर चालते.

काढलेली गाठ फॉर्मेलिनमध्ये ठेवून तिचे तुकडे मेणाच्या वडीत बसवतात. त्यांचे केसाहून पातळ काप काचेवर घेतात. नेहमीच्या रंगाने पेशींची ठेवण दिसते. पण नुकते उगवलेले पीक आणि तण सारखेच दिसावे, तशा काही गाठी सारख्या दिसतात. मग कापावर प्रतिपिंड सोडतात. प्रथिन असेल तेथे ते चिकटते आणि रसायन टाकल्यावर तपकिरी रंग येतो. त्यावरून गाठीची जात ठरवता येते.

स्तनाच्या कॅन्सरात ईआर, पीआर आणि हर-टू ही तीन प्रथिने पाहतात. पहिली दोन असल्यास संप्रेरकाला अटकाव करणाऱ्या गोळ्या उपयोगी पडतात. हर-टू जास्त असल्यास त्यावरचे वेगळे इंजेक्शन असते. कीड न ओळखता फवारणी केली तर पैसा जातो आणि पीकही जाते. येथे तर माणसाचा प्रश्न आहे.

१९४१ साली अमेरिकेत आल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडला. त्याच वर्षी मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तेथे गाठींच्या तपासणीचा पाया घातला. १९७५ मध्ये कोलर व मिलस्टीन यांनी एकाच जातीची शुद्ध प्रतिपिंडे हवी तेवढी तयार करण्याची रीत शोधली आणि ही तपासणी भरवशाची झाली.

आपण एवढे करावे. काढलेली गाठ फॉर्मेलिनमध्येच पाठवली का, हे विचारावे. दुसऱ्या दवाखान्यात जाताना रिपोर्टाबरोबर मेणाची वडीही मागून न्यावी; ती उन्हात ठेवू नये, मेण वितळते. आणि माय-बहिणींनो, न्हाताना गाठ हाताला लागली, तर दुखत नाही म्हणून लपवू नका.

त्या शेतकऱ्याची वडी पहिल्या दवाखान्यातच पडून होती. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने तो ती आणायला गेला.